निळ्या-पांढऱ्या चिनी कपावरची झाडं कशी वाचायची?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळालेली एक देणगी जाहीर झाली. सुमारे १,७०० चिनी भांडी, आणि त्यांची अंदाजे किंमत एक अब्ज पौंड. रुपयांत दहा हजार कोटींच्या वर. ही भांडी जमवणारे सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली मुंबईत जन्मले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. मुलाला मात्र चिनी भांड्यांनी असं झपाटलं की त्यांच्यापायी तो चिनी वाचायला शिकला.

आकडा ऐकून पहिला प्रश्न सुचतो तो हाच, की कपबश्यांना एवढे पैसे? तो रास्त आहे आणि त्याकडे येऊच. पण काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर खरा गोंधळ उडवणारा प्रश्न वेगळा असतो. या भांड्यांवर सारखी तीच ती झाडं का? कमळ, शेवंती, डाळिंब, बांबू, पाइन, पीच. आंबा मात्र जवळपास नाहीच.

डेव्हिड यांच्या संग्रहात बारा कपांचा एक संच आहे. छिंग घराण्याच्या कांग्शी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) दरबारासाठी केलेला. प्रत्येक कप जेमतेम पाच सेंटिमीटर उंच, आणि इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. बारा चांद्र महिन्यांचे हे बारा कप. प्रत्येकावर त्या महिन्याचं झाड आणि त्यावरची दोन ओळींची कविता. डेव्हिड संचात निळ्याबरोबर इतर रंगही आहेत. असेच कप नुसत्या निळ्यातही काढले गेले. झाड, महिना आणि कविता एकाच कपावर असल्यामुळे चिनी भांडी वाचायला शिकण्यासाठी यापेक्षा सोपं पुस्तक नाही.

आधी मातीचं बघू

आपण घरात ज्याला सरसकट चिनी माती म्हणतो, त्यात दोन वेगळ्या वस्तू येतात. लोणच्याची जाड बरणी ही दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीची. पोर्सेलिन हे त्याहून बारीक काम. त्याला दोन गोष्टी लागतात: केओलिन नावाची पांढरी, न वितळणारी माती आणि उष्णतेने काचेसारखा वितळणारा एक दगड, दळून पीठ केलेला. सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला हा दगड वितळून मातीच्या कणांमधल्या फटी भरून काढतो. म्हणून भांडं पांढरं, घट्ट आणि कडेला अर्धपारदर्शक होतं. टिचकी मारली तर खणखणतं.

या कामाचं माहेरघर म्हणजे दक्षिण चीनच्या जिआंग्शी प्रांतातलं जिंगदेझेन. युरोपला हे तंत्र साधायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीत माइसनचा कारखाना १७१० साली सुरू झाला, आणि तोवर युरोपातले राजे चिनी भांड्यांवर पैसा उधळत होते.

निळाच रंग का?

याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात नसून भट्टीत आहे. १,३०० अंशांत बहुतेक रंग जळून जातात. टिकतात ते मुख्यतः दोन: तांब्याचा लाल आणि कोबाल्ट धातूचा निळा. तांबं लहरी. भट्टीतली हवा जरा बिघडली की लाल करडा होतो किंवा उडूनच जातो. कोबाल्ट भरवशाचा.

त्यामुळे पद्धत अशी बसली: न भाजलेल्या, नुसत्या वाळवलेल्या कपावर कोबाल्टच्या पाण्याने चित्र काढायचं, वरून झिलईचा (भाजल्यावर काच होणारा थर) हात द्यायचा आणि सगळं एकदमच भाजायचं. चित्र काढताना हा रंग काळपट, मळकट दिसतो; निळा होतो तो भट्टीतून बाहेर आल्यावर. शिवाय कोरडी माती कुंचल्यातलं पाणी क्षणात शोषून घेते, म्हणून एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. रंग काचेखाली बंदिस्त झाल्यामुळे शतकानुशतकं वापरूनही झिजत नाही. वरून चढवलेले लाल-हिरवे रंग मात्र दुसऱ्या, कमी आचेच्या भाजणीचे असतात आणि ते घासले जातात.

चौदाव्या शतकात चीनवर मंगोलांचं राज्य असताना हा माल जोरात निघू लागला, तेव्हा उत्तम कोबाल्ट इराणकडून येई आणि मोठी गिऱ्हाइकंही पश्चिम आशियातली होती. चिनी रसिक मात्र सुरुवातीला नाक मुरडत. १३८८ साली त्साओ झाओ नावाच्या जाणकाराने जुन्या वस्तूंच्या पारखीवर लिहिलं, त्यात निळ्या चित्रांची भांडी ‘फारच हलकी’ म्हणून निकालात काढली आहेत. गंमत अशी की या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं पर्सिव्हल डेव्हिड यांनीच. ते १९६४ साली वारले, भाषांतर १९७१ साली छापून आलं. ज्यांना त्साओने हलकं म्हटलं त्यांचीच एक प्रसिद्ध जोडी डेव्हिड यांच्याकडे होती: १३५१ सालचा लेख असलेल्या दोन उंच फुलदाण्या. त्या लेखामुळेच चौदाव्या शतकातली निळी-पांढरी भांडी ओळखायला संशोधकांना पक्का आधार मिळाला.

झाड बोलतं कसं?

आपल्याकडे सवाष्णीची ओटी भरताना नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घालतात. त्या घडीला ‘हळकुंड म्हणजे काय’ असं कुणी विचारत नाही, पण हळकुंडाऐवजी कुणी खडू टाकला तर सगळ्या बायका मान वर करून बघतील. कपावरच्या झाडांचं असंच आहे. तो एक आशीर्वाद असतो, ठरलेल्या वस्तूंतून दिलेला, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याला तो न सांगता कळतो.

हा अर्थ झाडाला तीन वाटांनी येतो.

पहिली वाट झाडाच्या स्वभावाची. पाइन हिवाळ्यातही हिरवा. बांबू वाऱ्यात वाकतो, मोडत नाही. आतून पोकळ, म्हणजे मनात गर्व नाही. प्लमच्या बोडक्या फांदीवर बर्फ पडत असतानाच फुलं येतात. या तिघांना चिनी लोक ‘थंडीतले तीन मित्र’ म्हणतात आणि ते सतत एकत्र रंगवले जातात. वर्ष गारठलं की मगच कळतं, पाइन आणि सायप्रस सर्वांच्या शेवटी कोमेजतात, अशा अर्थाचं वचन कन्फ्यूशियसच्या नावावर आहे. वाईट दिवसांत जो टिकतो तो सज्जन. मंगोल राजवटीत ज्या चिनी विद्वानांनी नोकरी नाकारली त्यांना बांबू रंगवणं फार जवळचं वाटलं, यात नवल नाही. प्लमच्या पाच पाकळ्या म्हणजे पाच सुखं अशीही गणती आहे: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शांत मरण. पाचवं सुख आपण शुभेच्छापत्रावर छापणार नाही. चिन्यांना त्यात काही खटकत नाही.

डाळिंबही याच वाटेचं. ते चित्रात बहुधा उकललेलं असतं, दाणे दिसतील असं. दाणे पुष्कळ, तशी मुलं पुष्कळ. सांगोल्याच्या बागाईतदाराला डाळिंब म्हटलं की बाजारभाव आठवेल. चिनी सासूला नातवंडं आठवत. महिन्यांच्या कपांत पाचवा महिना डाळिंबाच्या फुलांचा असतो.

दुसरी वाट गोष्टीची. शेवंती एकट्या माणसाचं फूल का? कारण ताओ युआनमिंग. या कवीने ४०५ साली सरकारी नोकरी सोडली, गावी गेला, कुंपणाशी शेवंती लावली आणि दारू पीत कविता केल्या. तेव्हापासून शेवंती म्हणजे पदाचा मोह सोडलेला माणूस. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी डोंगर चढून शेवंतीची दारू प्यायची रीत आहे, म्हणून नवव्या कपावर शेवंती. पीचची गोष्ट तर चिनी पोरांनाही ठाऊक: ‘पश्चिमेची राणीमाता’ या देवतेच्या बागेतलं पीच तीन हजार वर्षांतून एकदा पिकतं आणि खाणारा अमर होतो. वाढदिवसाच्या भांड्यावर पीच दिसला की देणाऱ्याने ‘शतायुषी व्हा’ म्हटलं असं समजावं.

तिसरी वाट कानाची. चिनी भाषेत एकसारख्या उच्चाराचे शब्द खूप, आणि चित्रकार त्यावर खुशाल कोट्या करतात. ‘गुई’ म्हणजे बारीक, पिवळसर, गोड वासाची फुलं येणारं ओस्मँथसचं झाड. ‘गुई’ म्हणजे मानमरातबही. हे झाड फुलतं आठव्या महिन्यात, साधारण आपल्या भाद्रपदात, आणि प्रांताच्या सरकारी परीक्षा असत त्याही आठव्याच महिन्यात. परीक्षा पास होण्याला ‘चंद्रावरच्या महालातून ओस्मँथसची डहाळी तोडणे’ म्हणत. आठव्या महिन्याच्या कपावर हे झाड पाहणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या निकालाचा दिवस आठवत असेल.

कमळ या तिन्ही वाटांनी येतं, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. आपल्याला कमळ दिसलं की लक्ष्मी दिसते. चीनमध्ये कमळाचं फूल आधीपासून होतं, पण त्याला पावित्र्य चढलं ते भारतातून गेलेल्या बौद्ध धर्माबरोबर. पुढे अकराव्या शतकात झोउ दुन्यी या तत्त्वज्ञाने एक चिमुकला निबंध लिहिला. त्यात त्याने शेवंतीला विरक्त, पिओनी या मोठ्या, भरगच्च फुलाला श्रीमंत आणि कमळाला सज्जन ठरवलं. चिखलातून वर येऊनही कमळ मळत नाही, हे त्याचं कारण आपल्याला अगदी घरचं वाटतं. मग कानाने भर घातली. कमळाचा उच्चार ‘लिआन’; सलग, एकापाठोपाठ याचाही ‘लिआन’ आणि लाच न खाण्याचाही ‘लिआन’. त्यामुळे कमळाशेजारी बगळा (‘लू’, आणि रस्ता तोही ‘लू’) काढला की चित्राचा उच्चार होतो: ‘वाटेत एकामागून एक परीक्षा पास होवोत’. तळ्यातलं ते निवांत दृश्य म्हणजे खरं तर परीक्षेला निघालेल्या पोराला दिलेल्या शुभेच्छा!

हे अर्थ आपणच तर चिकटवत नाही ना?

शंका योग्य आहे. कुठल्याही पानाफुलात गूढ अर्थ शोधणारी मंडळी सगळीकडे असतात. पण इथे लेखी पुरावा आहे. झोउ दुन्यीचा निबंध भांड्यांहून जुना; महिन्यांच्या कपांवर तर कविताच लिहिलेली, आणि तिच्या शेवटी ‘शांग’, म्हणजे रसास्वाद, असा छोटा शिक्काही रंगवलेला.

मग चित्रकाराच्या मनात हे सगळं होतं का? बहुधा नव्हतं. १६३७ साली छापलेल्या एका चिनी तांत्रिक ग्रंथात म्हटलं आहे की एक भांडं पुरं व्हायला ७२ हातांखालून जातं. फ्रेंच धर्मोपदेशक दांत्रकोल यांनी जिंगदेझेनच्या कामाबद्दल १७१२ साली लिहिलेल्या पत्रातही हेच: एक कारागीर काठाखालची रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा, तिसरा रंग भरतो. दरबारी मालाचे नमुने तर बीजिंगहून येत. तेव्हा फुलामागचं ‘कलावंताचं मन’ वगैरे शोधत बसू नये. अर्थ देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि प्रसंगाचा. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट दिवसभर फक्त शेवंतीची बाह्यरेषा काढणाऱ्या माणसाची ती सफाईदार रेघ पाहिली की त्याचं नाव कुठेच नाही याची चुटपुट लागते.

आणि प्रत्येक झाड बोलतंच असंही नाही. १६३० च्या सुमारास डच व्यापाऱ्यांसाठी केलेल्या भांड्यांवर ट्यूलिप दिसतात. चिनी परंपरेत ट्यूलिपला काही अर्थ नाही. गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून काढलं. उलट दिशेनेही घोटाळा झाला आहे. कांग्शी काळात तडकलेल्या निळ्या बर्फावर प्लमची पांढरी फुलं अशी नक्षी लोकप्रिय होती: हिवाळा फुटतोय, वसंत येतोय. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संग्राहकांना ती त्यांच्या कुंपणावरच्या हॉथॉर्नची फुलं वाटली, आणि बाजारात ‘हॉथॉर्न जार’ हे नाव कायमचं रूढ झालं. बर्फ कुणाच्या लक्षातच आला नाही.

तळाला बादशहाचं नाव आहे, मग कप त्याच काळचा ना?

नाही, आणि इथेच लोकांचे पैसे बुडतात. दरबारी भांड्यांच्या तळाला बहुधा चार किंवा सहा अक्षरांत राजवटीचं नाव लिहितात. पण कांग्शीच्या काळातल्या कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा बादशहाचं नाव कितीतरी भांड्यांवर घातलं. प्रत्येक वेळी फसवायचा हेतू होता असं नाही. जुन्या उत्तम कामाला तो नमस्कार असे. आजचा नकली माल करणारा मात्र तेच नाव दुसऱ्या हेतूने घालतो.

जाणकार आधी तळ बघतात: झिलई न लावलेल्या कडेची माती, ती कशी तासली आहे, वजन हाताला कसं लागतं. मग निळा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आयात कोबाल्टमध्ये लोह जास्त, मँगनीज कमी. त्यामुळे रेघेत ठिकठिकाणी गडद, काळपट ठिपके साकळलेले दिसतात. चिनी खाणीतल्या कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त. हे प्रमाण आज क्ष-किरणांच्या उपकरणाने भांड्याला धक्का न लावता मोजता येतं. अठराव्या शतकातल्या कारागिरांना उपकरण नव्हतं, पण डोळा होता: जुन्याची नक्कल करताना ते कुंचल्याच्या टोकाने ते काळे ठिपके मुद्दाम टेकवत. भिंगातून पाहिलं की लावलेला ठिपका आणि आपसूक साकळलेला ठिपका यांतला फरक कळतो.

एवढी किंमत कशाची?

झाडाच्या अर्थाची नक्कीच नाही. कमळ हजारो साध्या वाडग्यांवरही आहे. किंमत दुर्मिळतेची, दरबारी भट्टीची आणि कामाच्या दर्जाची, आणि गेल्या काही दशकांत चीनमध्ये आलेल्या पैशाचीही. २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात चेंगह्वा काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लं काढलेला एक कप २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरना गेला. घेणारे लिऊ यीछिआन यांनी त्यातून चहा प्यायला आणि चीनमध्ये गदारोळ उडाला. माझ्या मते त्यांनी काही पाप केलं नाही. कप पिण्यासाठीच होता, जरी मूळचा दारूचा असला तरी.

२०२१ साली न्यूयॉर्कमध्ये विकला गेलेला लहानसा वाडगा जास्त बोलका आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, निळा-पांढरा, फुलांनी भरलेला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्यापान्या सामानाच्या विक्रीतून तो ३५ डॉलरला उचललेला होता. लिलावात मिळाले ७,२१,८०० डॉलर. फुलं दोन्ही दिवशी तीच होती.

ब्रिटिश म्युझियम म्हणजे लूटच ना?

१८६० साली ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, हे खरं आणि त्यातल्या वस्तू युरोपभर पसरल्या हेही खरं. डेव्हिड यांचा संग्रह मात्र खरेदीतून उभा राहिला. त्यातल्या काही वस्तू राजवाड्याने बँकेकडे गहाण टाकलेल्या होत्या, त्या त्यांनी १९२० च्या दशकात घेतल्या. कायद्याने स्वच्छ व्यवहार. तरी कोसळलेल्या राजघराण्याची गहाणवट परक्याने विकत घेणं चिनी माणसाला सुखाचं वाटणार नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

आजोबांच्या कपाटात एक निळा कप आहे, त्याचं काय?

त्यावर झुकलेलं विलोचं झाड, पूल, त्यावर तीन माणसं आणि आकाशात दोन पक्षी असतील तर तो जवळजवळ नक्कीच इंग्लंडच्या कल्पनेतला चीन आहे. ही नक्षी इंग्रज कारखानदारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार केली, आणि पळून जाणाऱ्या प्रेमिकांची जी ‘प्राचीन चिनी दंतकथा’ तिच्याबरोबर सांगतात तीही इंग्लंडातच रचलेली. भिंगातून पाहा: कुंचल्याची कमी-जास्त दाबाची रेघ नसून छपाईचे बारीक ठिपके आणि जिथे नक्षीची टोकं जुळवली तिथे जोड दिसेल. तो कप खुशाल वापरावा.

खरा माल बघायचा तर लंडनला जायची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहांत चिनी पोर्सेलिन आहे. आणि आपल्या किनाऱ्यावर तर हा माल पाचशे वर्षांपूर्वीच उतरला होता. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरातून लिस्बनकडे जाणारी पोर्तुगीज जहाजं गोव्याला थांबत. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत चिनी पोर्सेलिनचे तुकडे निघाले आहेत, तसे चौलच्या जुन्या बंदरातही. असा तुकडा संग्रहालयात दिसला तर आधी फुलाची पाकळी बघायची: टोकदार असेल तर कमळ, लांबट आणि पुष्कळ असतील तर शेवंती, पाच गोल असतील तर प्लम.